शास्त्रोक्त बॅक

फायनलसाठी राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, शास्त्रानंच निवडायचा, असा ऐतिहासिक ठराव कोल्हापुरातल्या एका तालमीच्या फुटबॉल कमिटीनं एकमतानं मंजूर केला. कोच भोपळे मास्तर तेव्हा मैदान आखायला चुना आणायला गेले होते.

ते परतले तसा सेक्रेटरींनी लॅपटॉप पुढं सरकवला. "बघा मास्तर. विश्वजितनं सामन्यामागं बावीस वेळा समोरच्याच्या पायातनं बॉल काढलाय, दादूनं तीनदा."

मास्तर वैतागले. "अहो, दादू असला की त्या बाजूला फिरकतंय कोण? विश्वजित कच्चा, म्हणून सगळे तिकडूनच घुसतात."

"भावनेनं बोलू नका, मास्तर."

ही फायनल खेळून थांबायचं ठरवलेल्या दादूनं दारातच बूट पिशवीत भरले. मास्तर खिडकीतून पचकन थुंकले.

फायनलमध्ये विश्वजितनं एकेचाळीस वेळा बॉल काढला. तो स्पर्धेतला विक्रम ठरला. तालीम सहा-शून्यानं हरली.