भावासाठी शपथ

"शपथ इसाकुल घेईल," तुर्गुन म्हणाला, आणि इसाकुलने हातातली चहाची वाटी खाली ठेवली.

पंचांसमोर ज्याच्यावर आळ, त्याने स्वतः शपथ घ्यायची नसते. चोर काय, शंभर शपथा घेईल. शपथ घ्यायची त्याच्या नात्यातल्या माणसाने, आणि तो माणूस निवडायचा फिर्यादीने. तुर्गुनची घोडी चार दिवसांपूर्वी कुरणातून गेली आणि खुंटीपाशी काचिबेकचा दोर सापडला. म्हणून तुर्गुनने काचिबेकच्या थोरल्या भावालाच उभं केलं. अख्ख्या गावात इसाकुलइतका खरा माणूस नाही, हे त्यालाही ठाऊक होतं.

शपथ झाली की प्रकरण इथेच मिटणार. नाही झाली, तर तुर्गुन काचिबेकला थेट पोलिसांत नेणार. मग कोर्ट, मग पाच वर्षं आत.

"घ्या ना भाऊजी," काचिबेकची बायको बुरुल म्हणाली. भीतीने तिचे ओठ पांढरे पडले होते. "हे कसे आहेत, तुम्हाला काय सांगायला हवं?"

"दादा, माझ्याकडे बघ तरी," काचिबेक म्हणाला. "मी त्या कुरणाकडे फिरकलोसुद्धा नाही. दोर काय, अंगणातून कुणीही उचलून नेईल."

इसाकुल बघेना. समोर पांढऱ्या फडक्यावर नान ठेवला होता. त्यावर हात ठेवून खोटं बोललं की घरातलं मूल जातं, हे त्याने लहानपणापासून ऐकलेलं. वरच्या आळीतला शेरअली अशीच खोटी शपथ घेऊन बसला आणि हिवाळा सरायच्या आत त्याचा नातू गेला. इसाकुलच्या सुनेला नववा लागला होता.

"म्हणायचं काय?" त्याने कसंबसं विचारलं.

"दरवेळचंच," पंचांतले सगळ्यांत वडील ओसमोनबाबा म्हणाले. "आमच्या घराण्यातल्या कुणी ही घोडी नेली नाही, आणि ती कुठे आहे हे कुणाला माहीत नाही."

"नुसतं काचिबेकपुरतं म्हटलं तर?"

"घासाघीस करायला हा काय बाजार आहे?" बाबा हसले. "शपथ घराण्याची असते, बाळा."

इसाकुलने हात पुढे केला. बुरुल श्वास रोखून बघत होती. नानपर्यंत पोचता पोचता हात थांबला आणि मागे आला.

"माझ्याने नाही व्हायचं," तो म्हणाला.

बुरुल मटकन खाली बसली.

"दादा, तुलाही तसंच वाटतं?" काचिबेकने एवढंच विचारलं. तुर्गुनच्या जीपमध्ये बसेपर्यंत तो वळून वळून भावाकडे बघत होता.

निघण्याआधी तुर्गुनने इसाकुलचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "सख्ख्या भावासाठीसुद्धा खोटं बोलला नाहीस. माणूस असावा तर असा."

इसाकुल घरी पोचला तेव्हा अंगणात अजून ऊन होतं. बायको दारातच उभी होती. तिने त्याला आत घेतलं, दार लावलं आणि आवाज खाली आणला.

"शपथ नाही ना घेतलीत?"

"नाही."

"सुटलो बाई. मग उद्याच ती घोडी खिंडीपलीकडे नेऊन विकून टाका."