लिथियमचं पाकीट

"गाडीतल्या टॉर्चला लिथियमचेच सेल घाला, साधे अल्कलाइन थंडीत मान टाकतात," हे शुभदाच्या नवऱ्याने मंडळाच्या हळदीकुंकवातसुद्धा बायकांना ऐकवलं होतं. काल हायवेवर शुभदाची गाडी बंद पडली आणि गाडी ओढून न्यायला आलेल्या टो ट्रकला खूण करताना तिचीच टॉर्च विझली. ट्रक तिला न बघताच समोरून गेला, ती बर्फात कुडकुडत उभी. आज नवऱ्याने तीच टॉर्च किचनमध्ये लावून दाखवली. "घरात तर झकास चालतेय. उगाच बोंबलतेस." शुभदा ती टॉर्च घेऊन तरातरा गॅरेजमध्ये गेली. तिच्या टॉर्चमध्ये अल्कलाइन निघाले, त्याच्या गाडीतल्या टॉर्चमध्ये लिथियम. "एकच पाकीट होतं," तो दारातून म्हणाला, "तू काय, गावातच फिरतेस."  तो जॅकेट आणायला वळताच तिने सेलांची अदलाबदल केली. उत्तरेकडच्या गोठलेल्या सडबरी शहराला निघताना त्याने विचारलं, "माझी टॉर्च गाडीत परत ठेवलीस ना?" "ठेवली. घरात तर झकास चालतेय."