आईला बाहेर आणताना

"आत रडू नका. तुम्ही घाबरलात तर त्याही घाबरतील," डॉक्टरांनी पुन्हा बजावलं.

अपघातानंतर शुद्धीवर न आलेल्या आईच्या मनात शिरून तिला बाहेर आणण्याचा सराव हेमांगी आणि भार्गव महिनाभर करत होते. एकाने वाट शोधायची, दुसऱ्याने बोलायचं, भांडायचं नाही.

डोक्याला तारा जोडल्यावर दोघं त्यांच्या जुन्या स्वयंपाकघरात पोचले. तरुण आई थालीपीठ थापत होती. भार्गवने बाहेरचं दार शोधून उघडलं.

"आई, चल ना घरी," हेमांगी म्हणाली.

आई दचकली. "कोण तुम्ही? माझी मुलं शाळेतून येतील आता. त्यांना सोडून मी कुठे येऊ?"

हेमांगीने तिचा हात धरला. आईने तो झटकला, दोघांना बाहेर ढकललं आणि आतून कडी लावली.