विनापरवाना शेड

विनापरवाना शेडविरुद्धची तिसरी निनावी तक्रार घेऊन नगरपालिकेची बांधकाम निरीक्षक वैशाली चिडूनच ओगलेकाकांच्या परसात शिरली. शेड कसली, चार बांबूंवर एक पत्रा! खाली झारी आणि फावडं.

"याला परवाना लागतच नाही, काका. कोण हात धुऊन मागे लागलंय तुमच्या?"

"असेल कुणी रिकामटेकडा. आधी चहा घ्या." दोन कप मांडलेलेच होते. आजूबाजूचे बंगले मात्र कुलूपबंद.

नियमापुरता जबाब काकांनी लिहून दिला. वैशालीने तो तक्रारीशेजारी ठेवला आणि ती थबकली. तेच टपोरं, उजवीकडे कललेलं अक्षर.

तिने तक्रार पर्समध्ये टाकली, टेपही हळूच आत सरकवली.

"मोजणीची टेप विसरलेच बघा. पुढच्या मंगळवारी पुन्हा यावं लागेल."

"किती वाजता?" काकांनी विचारलं.