सासूबाईंचा रानपाला

लग्न तोंडावर आलं आणि जगाची मुरमं फोटोतून पुसणाऱ्या फोटोग्राफरच्याच नाकाच्या शेंड्यावर लिंबाएवढं गळू आलं. होणाऱ्या सासूबाईंनी पाण्याच्या पडक्या टाकीमागून एक केसाळ रानपाला शोधून आणला.

"दुर्मिळ आहे हो, जावईबापू! माझ्या आजीनंतर आज दिसला. सकाळी चूळ न भरता चावायचा आणि थेट गळवावर थुंकायचा."

"चावायचा कुणी?"

"मीच की! घरातल्या मोठ्या बाईचंच तोंड लागतं."

नाही म्हणावं तर सोयरीक मोडायची. म्हणून तो रोज सकाळी डोळे घट्ट मिटून, श्वास रोखून नाक पुढे करायचा. कालच्या लसणाच्या वासाची ती कोमट, चिकट पिचकारी ओठांपर्यंत ओघळायची. पण गळू बसलं, खरंच बसलं!

लग्नात गुळगुळीत नाकाने फोटो काढून झाल्यावर तो सासूबाईंना म्हणाला, "आई, तो पाला आता कुंडीतच लावू या."

सासूबाई चक्क लाजल्या.

 

"अहो, तो तर तिसऱ्याच दिवशी संपला. पण तुम्ही इतक्या श्रद्धेने नाक पुढे करायचात, मग भिडेखातर मी नुसतीच थुंकत राहिले."