कॅप्टनचा पहिला पगार

पोराचा पहिला पगार झाला आणि त्याच दिवशी गादीवाल्यांना कळलं, की आपलं दुकान बुडालं.

तसं ते विकून दीड वर्ष लोटलं होतं. पोराला पायलट करायचं म्हणून त्यांनी गाद्यांचं चालतं दुकान विकलं होतं, आणि आता त्याच दुकानात नव्या मालकाच्या हाताखाली कापूस भरत होते. मालक भला माणूस होता. यंदाच्या वर्षअखेरपर्यंत पैसे आणलेत तर त्याच भावात परत देईन, असा शब्द त्याने दिला होता. गादीवाले निर्धास्त होते. पायलटचा पगार म्हणजे काय चेष्टा आहे?

"एवढाच?" आकडा ऐकून त्यांनी विचारलं.

"बाबा, आमचं विमान छोटं. त्यात मी नवा. आणि पगार फक्त उडण्याचा."

"म्हणजे?"

"विमानाचं दार लागलं की सुरू, उघडलं की बंद. विमानतळावर ताटकळलो तर ते फुकट. बाकीचे दिवस फोन जवळ घेऊन घरी बसायचं. कोणी आजारी पडलं की बोलावतात."

"मग पडत नाही का कोणी?"

"बाबा!"

शेजारी बसचालक राहायचा. त्याला कुठून तरी सुगावा लागला. "आम्हाला तर थांब्यावर उभं राहायचाही पगार मिळतो हो," असं तो जिन्यात भेटून मुद्दाम सांगून गेला.

गल्लीत पोराला लहानपणापासून 'कॅप्टन' म्हणायचे. प्रत्यक्षात खरा कॅप्टन त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायचा, आणि खरा पगारही तोच न्यायचा. पण हे गल्लीला कोण सांगणार?

बायकोला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती असती तर तिने काही तरी तोड काढली असती. एकट्या गादीवाल्यांना एकच सुचली: सून चांगल्या घरची आणायची.

मेहुण्याने स्थळ आणलं. मुलगी एकुलती एक, विमान कंपनीत कायम नोकरीला. वडिलांचं भर बाजारात घड्याळांचं दुकान.

"आपल्याबद्दल काय सांगितलंस?" गादीवाल्यांनी विचारलं.

"सांगितलं, मुलाला सगळे कॅप्टन म्हणतात."

"यात खोटं काहीच नाही," गादीवाले म्हणाले.

पोरगा मात्र अडून बसला. "मी तिथे थापा मारणार नाही."

"कोण म्हणतंय मार? नुसता बस. बसायची सवय आहेच तुला."

मुलीच्या घरी पाऊल टाकलं आणि गादीवाल्यांचा जीव भांड्यात पडला. चारी भिंतींवर घड्याळंच घड्याळं. लंबकाची, गजराची, पितळी, लाकडी. जागा पुरेना म्हणून कपाटावरही रचून ठेवलेली. मोठ्या लोकांचे शौक! बायको असती तर तिने पहिल्या चहातच याचा भाव, त्याचा भाव विचारून तळ गाठला असता. गादीवाल्यांना तसं काही जमायचं नाही.

मुलीने चहा आणला. बरोबर बशीत बिस्किटांच्या चिमुकल्या पुड्या. पोरगा विमानातून खिशात घालून आणायचा, अगदी तशाच. इथे त्या विकत आणत असणार. मुलगी बसली आणि तिने आपला फोन टेबलावर ठेवला, पोराच्या फोनाशेजारीच. हल्लीची पोरं सगळी सारखीच.

"दुकान काय म्हणतंय?" गादीवाल्यांनी विचारलं.

"मी आता लक्ष घालत नाही," मुलीचे वडील म्हणाले. "झाली की एवढी वर्षं. तुमचं?"

"माझंही दुसराच सांभाळतो."

"वा! आणि मुलगा इतक्या लहान वयात कॅप्टन?"

"शाळेपासून म्हणतात," गादीवाले म्हणाले आणि त्यांनी घाईने चहा तोंडाला लावला.

मुलीचे वडील खुशीत हसले. "कॅप्टनची गोष्टच वेगळी. दुसऱ्या खुर्चीत बसणाऱ्यांचे मात्र फार हाल असतात म्हणे."

"असतील बुवा. आपल्याला काय कल्पना!"

पोराला ठसका लागला. मुलीने त्याला पाणी दिलं आणि दोघं बोलायला म्हणून गच्चीत गेली.

गादीवाल्यांचं अर्धं लक्ष गच्चीच्या दाराकडे. कार्टं सगळं ओकणार! तिथलं काहीच ऐकू येईना. मग एकदम दोघांच्या हसण्याचा आवाज आला. मुलगी तर पोट धरून हसत होती.

दोघं आत आली.

"बाबा, मी सगळं खरं सांगितलं," पोरगा म्हणाला.

गादीवाल्यांच्या डोळ्यांसमोर दुकानाचं शटर खाली आलं.

"आणि मला चालेल," मुलगी म्हणाली. "आमचं ठरलं."

शटर पुन्हा वर गेलं. याला म्हणतात खानदान! पोरीला पैशाची फिकीरच नाही. वर्षअखेर अजून लांब होती. गादीवाले उठून व्याह्यांना मिठी मारणार, तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

पोरगा आणि मुलगी, दोघांनीही एकदम झडप घातली. फोन मुलीचा निघाला.

"हो सर. निघालेच," म्हणत ती आत पळाली.

"पडलं वाटतं कोणी आजारी," मुलीचे वडील आनंदाने बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

मुलगी बाहेर आली ती चाकांची बॅग ओढत. पांढरा शर्ट, काळा टाय, आणि खांद्यावर सोनेरी पट्टे. पोराच्या खांद्यावर असतात तेवढेच. "येते हं, काका," म्हणाली आणि जिना उतरलीसुद्धा. तिची बॅग धरायला पोरगा मागोमाग गेला.

खोलीत नुसती टिकटिक.

"तुम्ही काय विकलंत?" मुलीच्या वडिलांनी मान खाली घालून विचारलं.

"गाद्यांचं दुकान. आणि तुम्ही..." गादीवाल्यांनी भिंतींवरून नजर फिरवली आणि प्रश्न अर्ध्यावरच सोडला.

सोडवून घ्यायची दुकानं आता दोन झाली होती.