टेकडीवरची जागा

"ते पेन खिशात ठेवा. नको, खिशात नको. इथे टेबलावर ठेवा, मला दिसेल असं."

ऑरिन पिक्सलीने पेन टेबलावर ठेवलं. मिस थर्झा विंचेल यांनी ते उचलून आपल्या बाजूला घेतलं. ईस्ट हॅलम गावचं दप्तर एकतीस वर्षं त्यांच्या ताब्यात होतं. एवढ्या काळात त्यातला एक कागद हरवला नव्हता, की एक वाढला नव्हता. वाढण्याची भीती जास्त. गेल्या वर्षी न्यूयॉर्कचे एक गृहस्थ पूर्वजांचं जुनं पत्र घेऊन आले होते. मिस विंचेलनी ते नुसतं नाकाशी धरलं. कॉफीत बुडवून जुनं केलेलं होतं. "कॉफी मात्र चांगली होती," असं त्या अजून सांगतात.

ऑरिनकडे तसलंही पत्र नव्हतं. आई होती, ती फेब्रुवारीत वारली. व्हरमाँटच्या थंडीत जमिनीत कुदळ शिरत नाही. हिवाळ्यात गेलेली माणसं टेकडीच्या पायथ्याशी दगडी कोठीत वाट बघत पडून राहतात. आता एप्रिल आला होता, रस्त्यांचा चिखल झाला होता, आणि कोठीतल्या बाकीच्या दोघांचे खड्डेही खणून झाले होते. आईला टेकडीवरची जुनी दफनभूमी हवी होती. तिथला नियम असा, की घराणं अठराशे सालाआधी गावात राहत होतं याचा लेखी पुरावा पाहिजे. नसेल तर चाळीस मैलांवर, अनोळखी माणसांत.

"आम्ही इथलेच आहोत, बाई."

"आई गेली की सगळेच इथले होतात."

मिस विंचेलनी जमिनीच्या खरेदीखतांची वही काढली. पिक्सली नव्हते. करांची वही. नव्हते. बाप्तिस्म्यांची नोंद, मग चर्चमध्ये कुणी कुठल्या बाकावर बसायचं त्याची यादी. पिक्सली कुठेच बसले नव्हते. प्रत्येक वही मिटताना मिस विंचेलना जरा बरं वाटत होतं.

"जमीन नाही, बाप्तिस्मा नाही, बाक नाही. तुमचे पूर्वज इथे करत तरी काय होते?"

"राहत होते."

"बघू या."

खालच्या खणातून त्यांनी कातडी बांधणीची एक छोटी वही काढली. गावच्या कॉन्स्टेबलची, एनॉस विंचेलची. "माझे खापरपणजोबा. त्यांच्या नजरेतून माशी सुटत नसे." पानं उलटता उलटता त्यांचा चेहरा उजळला, आणि त्या खणखणीत आवाजात वाचू लागल्या. "मार्च १७८८. ॲसा पिक्सली, बायको मर्सी, मुलं तीन, गाय एक. गावाच्या परवानगीवाचून येऊन राहिले आहेत. समक्ष बजावले की गाव सोडून जावे."

मिस विंचेलनी वहीवरून मान वर केली.

"फाटक्या लोकांना तेव्हा असंच बजावत. उद्या त्यांना पोसायची पाळी गावावर यायला नको म्हणून. तुमच्या लोकांना हाकललं होतं, मिस्टर पिक्सली. घ्या, लेखी पुरावा."

ऑरिनने टोपी उचलली. "आईच्या कानावर हे आलं नाही ते एक बरं झालं," म्हणाला आणि उठला.

पण मिस विंचेल वही अर्धी टाकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पान उलटलं.

"मार्च १७८९. ॲसा पिक्सली. मुलं चार. समक्ष बजावले." पुढचं पान. "१७९०. मुलं पाच." आवाज थोडा उतरला. १७९२ साली गायी दोन झाल्या. १७९४ साली लिहिलं होतं, "पाऊस. बजावले. मक्याची भाकरी खाल्ली." १७९८ सालापर्यंत मुलं नऊ, नावानिशी, वयानिशी. खापरपणजोबांचा कुणाच्या शब्दावर विश्वास नसे, म्हणून ते दर वर्षी स्वतः जाऊन डोकी मोजून आले होते. अकरा वर्षं.

ऑरिन दारातून परत आला. वहीकडे वाकून बघत म्हणाला, "बाई, ही मंडळी गेलेली दिसत नाहीत."

मिस विंचेलनी पान उजेडाला धरलं. शाई नखाने खरवडून पाहिली. शाई खापरपणजोबांचीच होती. मग परवान्याचा कागद पुढे ओढून त्यांनी त्यावर ऑरिनच्या आईचं नाव लिहिलं.

"जागा कुठली हवी?"

"हे तुमचे खापरपणजोबा कुठे आहेत?"

"वरच्या रांगेत, मेपलखाली." त्यांचा हात थांबला. "का?"

"त्यांच्या शेजारी जमलं तर बघा. एवढ्या वर्षांत आमच्या घरी आलेला माणूस गावात तेवढा एकच दिसतोय."